न सांगता तोडलेली वेल

हौशीरामची बायको मथुरा गेली हे डॉक्टरने त्याला सांगितलं तेव्हा मंगळवारचे अकरा वाजून गेले होते. संगमनेरच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या बाकाशी. डॉक्टर तरुण होता, भला होता. "आरोटे काका, लिव्हर पूर्ण निकामी झालं होतं. आम्ही करायचं ते सगळं केलं," एवढं बोलून तो खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हौशीराम नुसती मान हलवत होता. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात मथुराचा फोन वाजला. कुणा पाहुण्याचा असेल म्हणून त्याने काढून पाहिला.

"अभिनंदन! सहभागी ४१ यांचा प्रतिदेह आज ४,२१२ पावलं चालला. दोन्ही मुठी पूर्ण मिटतात. सांधे उत्तम!"

त्याने ते दोनदा वाचलं. पलीकडे पडद्याआड मथुरा हळदीसारखी पिवळी होऊन निजली होती. शेवटचे एकोणीस दिवस ती खाटेवरून उतरली नव्हती. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन हौशीराम ओकला. डॉक्टरला वाटलं, दुःखाने. पण दुःख यायला अजून वेळ होता. ही नुसती किळस होती.

हौशीराम आरोटेचं राजूरच्या बाजारात वेल्डिंगचं दुकान होतं. शिक्षण सातवी. पण बिघडलेलं यंत्र समोर आलं की तो त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, कान देऊन ऐकायचा आणि नेमका हात घालायचा. मथुरा म्हणायची, "माझे गुडघेपण एकदा खोलून बघा की. ग्रीस घाला थोडं."

तिला आमवात होता. बाहेरच्या रोगाशी लढणारी शरीरातली फौज उलटते आणि आपल्याच सांध्यांना शत्रू समजून कुरतडत बसते, असं तिला एका डॉक्टरने समजावलं होतं. तिची बोटं वाकडी झाली तशी ती तळहाताच्या कडेने भाकरी थापायला शिकली. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ व्हायची. हौशीरामने उलटीपालटी करून पाहिली की ऐकवायची, "खा गुमान. नकाशा नाही काढायचा तिचा."

चार वर्षांपूर्वी पुण्याची एक औषध कंपनी डोंगरात आली. वरच्या वाडीतल्या ठाकर लोकांना एक वेल ठाऊक होती. आखडवेल. अंग आखडलं, सांधे धरले की तिचा काढा देत. वाडीतल्या बुधाबाई मेंगाळने तोडून दिलेली वेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली आणि सगळे चकित झाले. उलटलेल्या फौजेला शांत करणारा पदार्थ तिच्यात होता, आणि यकृताला, मूत्रपिंडाला त्याचा काही त्रास नव्हता. कंपनीने उतारावर तारा बांधून आखडवेलीची लागवड केली. आता ती भराभर तोडायची कशी, हा प्रश्न आला, आणि तो हौशीरामच्या दुकानात आला.

त्याने सहा महिने राबून यंत्र केलं. तारेखालून चालत जायचं, वेल कापायचं, तिथल्या तिथे तुकडे करून थेट वाळवणीच्या पेटीत टाकायचं. जेवढी वेल तोडायला बुधाबाईला दिवस लागायचा, तेवढी यंत्र पाव तासात तोडायचं. उद्‌घाटनाला बुधाबाई आली होती. यंत्र पाहून ती म्हणाली, "आन् तिला सांगणार कोन?"

"कुणाला सांगायचं?"

"येलीला. आदल्या सांजंला जायाचं. बुडाशी चार तांदूळ, हळद ठेवायची. गाठीपाशी इळ्यानं येक चरा मारायचा. म्हनायचं, उद्या येते गं बाई, तयार ऱ्हा. मंग दुसऱ्या दिशी तोडायची. न सांगता तोडली तर घात करती ती."

हौशीरामने हसत हसतच ही रीत यंत्राच्या कामांच्या यादीत लिहिली आणि कंपनीच्या डॉ. शाल्मली देवस्थळींना फोन लावून विचारलं. वेलीवरचं सगळं काम त्याच बघत. त्याही हसल्या. "आरोटे, तांदळाचे गुण तपासायला सांगू का लॅबला? कामांच्या यादीतून ती ओळ काढून टाका." हौशीरामने ओळ काढली. तांदूळ, हळद, चरा, सगळं एका रेघेत खोडलं. यंत्राला आदल्या संध्याकाळी परत उतारावर नेण्याची कटकट वाचली, याचं त्याला बरंच वाटलं.

यंत्राने तोडलेल्या वेलीच्या पहिल्या खेपेच्या गोळ्या कंपनीच्या राजूरमधल्याच केंद्रात चाचणीसाठी आल्या. हौशीरामने मथुराचं नाव दिलं. "आपल्याच वेलीचं औषध आहे," तो म्हणाला. "तुमच्याच यंत्राचं म्हणा," ती म्हणाली, आणि वाकड्या बोटांनी अंगठा उठवला.

औषधाची चाचणी पूर्वीसारखी वर्षानुवर्षं माणसांवर करायची पद्धत तोवर मागे पडली होती. आता प्रत्येक सहभागी माणसाचा संगणकात एक प्रतिदेह करत. रक्त, सांध्यांची चित्रं, मनगटावरच्या पट्ट्याने टिपलेली झोप, चाल, नाडी, या सगळ्यांतून त्या माणसाच्या शरीराचं चालतं गणित उभं राही. औषधाचे गुणही त्यात घालत. आठ आठवडे खरं माणूस गोळ्या घेई आणि त्याच्यावरून गणित नीट बसवलं जाई. मग खऱ्या माणसाची सुट्टी. पुढची दोन वर्षं प्रतिदेहच गोळ्या घेई, चाले, झोपे आणि निकाल देई. दोन वर्षांचं हे गणित संगणक काही मिनिटांत करी, फोनवरचे निरोप मात्र रोजच्या रोज येत. माणसांचे हाल वाचतात, औषध लवकर बाजारात येतं, असं सगळेच म्हणत. त्यात खोटंही काही नव्हतं.

पहिल्या चार आठवड्यांत मथुराची बोटं खरोखर सैल झाली. एक दिवस तिने गोल भाकरी थापली आणि ताटात टाकून म्हणाली, "घ्या. पृथ्वी." सातव्या आठवड्यात तिला मळमळायला लागलं. आठव्यात डोळे पिवळे झाले. पाणी बाधलं असेल म्हणून आधी दोघांनीही अंगावर काढलं.

मथुरा गेल्याच्या पाचव्या दिवशी बुधाबाई भेटायला आली. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. दुकानामागच्या अंगणात यंत्राचा जुना सांगाडा पडला होता, त्याच्याकडे पाठ करून ती बसली. हौशीरामच्या मांडीवर मथुराचा फोन होता. तो वाजला. आज ४,३९० पावलं.

"काय म्हनतोय त्यो?" बुधाबाईने विचारलं.

"मथुरा चालती म्हणतोय."

"कुठं?"

हौशीरामने फोन पालथा ठेवला. बुधाबाईने पदराने तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "हौशीराम, तिला दिलेली येल सांगून तोडल्याली व्हती का रं?"

"मावशी, आता तरी ते नको."

"मी देवाचं नाय बोलत. चिकाचं बोलते. उद्याच्याला सांजंला चल माझ्यासंगं."

तो गेला. का गेला, त्यालाही सांगता आलं नसतं. घरात तसंही बसवत नव्हतं. लागवडीच्या उतारावर बुधाबाईने एका वेलीच्या बुडाशी तांदूळ ठेवले, गाठीपाशी विळ्याचा चरा मारला, पुटपुटली आणि दोघं परत आली. सकाळी पुन्हा गेली. तिने आधी शेजारची, न सांगितलेली वेल तोडली. चीक पांढराशुभ्र, दुधासारखा. बोटाला लागला तर चिकट. त्याचा वास हौशीरामच्या ओळखीचा होता. यंत्राच्या पन्हाळीला, पेटीला, त्याच्या स्वतःच्या अंगाला तो दीड वर्ष येत होता. मग तिने सांगितलेली वेल तोडली. तिचा चीक तांबूस होता, पातळ चहासारखा. वास जवळजवळ नव्हताच.

"पांढरा असला तर आमी वाळवीला घालतो. मरती ती," बुधाबाई म्हणाली.

हौशीरामचं यंत्र दीड वर्ष पांढरं ओकत होतं. त्याने ते रोज पाण्याने धुतलं होतं. त्याच हाताने त्याने मथुराला रोज दोन गोळ्या दिल्या होत्या. तो खाली बसला आणि मूठभर माती घेऊन तळहात घासत राहिला, कातडी लाल झाली तरी. बुधाबाईने त्याला थांबवलं नाही.

दहावा आटोपून तिसऱ्या दिवशी तो पुण्याला कंपनीच्या कचेरीत गेला. जाण्याआधी बुधाबाईने पुन्हा दोन वेली तोडून दिल्या. एक सांगून, एक न सांगता. दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतल्या. कचेरीच्या दारातच भिंतभर चित्र होतं. एक म्हातारी दोरीवरच्या उड्या मारत होती. खाली लिहिलं होतं, 'परंपरेला विज्ञानाची साथ.'

डॉ. देवस्थळी उठून उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं. "आरोटे, फार वाईट झालं. चहा घेणार?"

"चहा नको. ते फोनवर येतं ते बंद करा. आणि ती जी कोण चालती ना आत, तिला बंद करा."

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. मथुराचं नाव कुठेच नव्हतं. सहभागी ४१, स्त्री, वय ५७. हिरव्या रेघा. खाली एक रकाना होता: 'प्रत्यक्ष सहभाग थांबवण्याचं कारण.' पुढे लिहिलं होतं, 'वैयक्तिक.'

"हे काय?" हौशीरामने बोट ठेवलं.

"मृत्यूचा औषधाशी संबंध नाही असं चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने ठरवलं. त्या परिसरात काविळीची साथ होती. मग नियमाने असं पडतं."

"मेली, त्याला वैयक्तिक म्हणता तुम्ही?"

डॉ. देवस्थळींनी तो रकाना पडद्यावर वर सरकवला.

"आणि तिचं आठव्या आठवड्यातलं रक्त? मी स्वतः घेऊन गेलो होतो तिला. धरून नेली होती."

त्यांनी आणखी एक पान उघडलं. तो अहवाल होता. यकृताचे आकडे चौदा पट वाढलेले. त्यावर करडी पट्टी होती: 'विसंगत. गणनेतून वगळले.' प्रतिदेहाच्या गणिताप्रमाणे तिचं यकृत निरोगी असायला हवं होतं. खरं रक्त गणिताशी जुळेना, म्हणून यंत्रणेने खरं रक्तच बाजूला काढलं होतं. कुणी माणसाने मुद्दाम केलं नव्हतं. हे कळल्यावर हौशीरामला जास्तच शिसारी आली. मुद्दाम करणारा असता तर त्याची गचांडी तरी धरता आली असती.

"तिला बंद करा," तो पुन्हा म्हणाला.

"करता येईल. वारस म्हणून तुम्ही संमती मागे घ्यायची. पण मग तिची सगळी माहिती कायद्याने पुसावी लागते. हा अहवालसुद्धा. चाचणीत ती कधी नव्हतीच, असं होईल. आणि बारा दिवसांनी औषधाला परवानगी मिळतेय." त्यांनी मान वर केली नाही. "नाही घेतली, तर ती दोन वर्षं अशीच चालत राहील. बरी होऊन."

हौशीरामने पिशवी टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. एक वेल मोडली. पांढरा थेंब कागदावर पडला. दुसरी मोडली. तांबूस. "तुम्ही तांदळाला हसलात," तो म्हणाला. "मीपण हसलो. चऱ्याचं विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही."

डॉ. देवस्थळींनी दोन्ही थेंबांकडे पाहिलं. मग वेली उचलून त्या आत प्रयोगशाळेत गेल्या.

परत आल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. त्यांच्या हातात कागद होता. उभ्या उभ्याच बोलायला लागल्या, जणू मौखिक परीक्षा चालली आहे. वेलीच्या चिकात एक विषारी पदार्थ बांधून साठवलेला असतो, किड्यांसाठी. वेलीला जखम झाली की ती त्यावर काम करणारा एक पाचक रस सोडते. दहा-बारा तासांत विष फुटतं आणि त्यातून दुसराच पदार्थ तयार होतो. वेल त्याने स्वतःची जखम शांत करते. तोच पदार्थ माणसाचे सांधे शांत करतो. चरा न मारता तोडून लगेच वाळवली, तर पाचक रसाला वेळच मिळत नाही. थोडं औषध तयार होतं, बाकी विष तसंच राहतं आणि हळूहळू यकृतात साठतं.

"म्हणजे संगणकातल्या मथुराला बुधाबाईची वेल दिली."

"हो. सुरुवातीला तपासली ती."

"आणि माझ्या मथुराला माझी."

त्या खुर्चीत बसल्या. "हे दोन थेंब घेऊन मी समितीकडे गेले तर चौकशी नेमतील. सहा महिने जातील. पण एक नियम आहे. वारसाला एकदा फेरचाचणी मागता येते. प्रतिदेहाला यंत्राने तोडलेल्या वेलीचे खरे गुण देऊन सगळं पहिल्यापासून चालवायचं. त्यात जर तेच झालं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्याला नाही म्हणता येत नाही कुणाला. मात्र सही तुमची लागेल."

हौशीरामने पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे मी तिला पुन्हा तेच खायला घालायचं."

"ती मथुराबाई नाहीये, आरोटे. गणित आहे."

"मग रोज अभिनंदन कुणाचं करत होता?"

त्याने सही केली. पेन धरलेल्या बोटांना अजून चिकाचा वास होता. डॉ. देवस्थळी म्हणाल्या, बाहेर बसलात तरी चालेल. तो बसून राहिला. खऱ्या मथुराला एकटं सोडलं नव्हतं, हिला का सोडायचं, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

चार मिनिटं लागली. पहिल्या मिनिटात पावलं वाढली, मुठी मिटायला लागल्या. ते गोल भाकरीचे दिवस. मग एक रेघ वर निघाली. पावलं ३,१००. पावलं ९००. यकृताची रेघ पिवळी झाली, मग लाल. आठव्या आठवड्याला ती करड्या पट्टीखालच्या त्या वगळलेल्या अहवालाच्या आकड्यावरून बरोबर गेली, केसाचाही फरक नाही. पावलं ४०. पावलं शून्य. शून्य बराच वेळ राहिलं. मग पडद्यावर चौकट आली: 'प्रतिदेह पुढे चालवता येत नाही.'

"बरोबर होतात तुम्ही," डॉ. देवस्थळी पुटपुटल्या. त्या रडत होत्या.

हौशीरामला त्या शब्दाचाही वीट आला. बरोबर असणं म्हणजे काय, तर तिला दोनदा मरताना पाहणं. त्याने फडक्यात वेलीचे तुकडे बांधले आणि निघाला. दाराशी म्हातारी दोरीवरच्या उड्या मारतच होती.

परवानगी थांबली. फोनवरचं अभिनंदन थांबलं. महिन्याभराने कंपनीचं पत्रक निघालं. आमच्या शास्त्रज्ञांनी 'पूर्वजखम तंत्र' शोधून काढलं आहे, औषध आता अधिक सुरक्षित होईल, असं त्यात होतं. बुधाबाईचं नाव नव्हतं. मथुरा एका वाक्यात होती: 'एका सहभागीच्या माहितीच्या फेरविश्लेषणातून.' पाठोपाठ कंपनीचा एक माणूस दुकानात आला. यंत्राला आदल्या संध्याकाळी चरा मारणारं पातं बसवून हवं होतं. काम सोपं होतं, हौशीरामला ते बसल्या जागी दिसलं. त्याने त्या माणसाला पाणी दिलं आणि सांगितलं, "दुसरा वेल्डर बघा."

पत्रक बुधाबाईला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली. "तांदूळ ठिवनार का त्ये?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. चरा मारत्यात ना? बास."

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. राजूरच्या केंद्रात त्या खेपेच्या गोळ्या मथुरा धरून वीस बायकांनी घेतल्या होत्या. प्रत्येकीला दहा आठवड्यांचा डबा मिळाला होता, आठ आठवड्यांच्या चाचणीला. उरलेल्या गोळ्या टाकून देणारी बाई त्याने आपल्या तालुक्यात पाहिली नव्हती. एखादी स्वतः पुरवून खात असेल. एखादीने जावेला दिल्या असतील, आईला पाठवल्या असतील. कंपनीने सगळ्यांच्या फोनवर कळवलं होतं: 'आपलं उत्पादन अद्ययावत होत आहे. शिल्लक गोळ्या केंद्रात जमा कराव्यात.' विष आहे, खाऊ नका, असं कुठेही नव्हतं. त्याने डॉ. देवस्थळींना फोन करून नावं मागितली. त्या म्हणाल्या, "मलाही नावं दिसत नाहीत हो. मला फक्त आकडे दिसतात." त्या खरं बोलत होत्या.

नावं हौशीरामकडेही नव्हती. पण मथुरा दर मंगळवारी केंद्रातून आली की चुलीपाशी बसून सगळ्या बायकांच्या नकला करायची. तो जेवता जेवता अर्धंच ऐकायचा. आता तो ते अर्धं आठवत बसला आणि एका जुन्या वहीत लिहून काढलं. कोतुळची शिलाईवाली, दोरा दाताने तोडणारी. समशेरपूरच्या दोघी सख्ख्या जावा, एकमेकींशी न बोलणाऱ्या. मुलाचा शाळेचा स्वेटर घालून येणारी. सारखी 'आमचे हे' म्हणणारी, आणि 'हे' कोण ते कधीच न सांगणारी.

तेव्हापासून तो रोज सकाळी दुकान न उघडता मोटरसायकल काढतो. गावात शिरतो, पारावर थांबतो आणि विचारतो, इथे कुणाची बोटं वाकडी आहेत का, राजूरला औषधाला जाणारी. लोक आधी संशयाने बघतात. शिलाईवाली सापडली. तिचे डोळे पिवळे होते, ती आता दवाखान्यात आहे आणि वाचेल असं म्हणतात. जावांनी डबा त्याच्या हातात देताना एकमेकींशी पहिल्यांदा भांडण केलं, गोळ्या कुणी जास्त खाल्ल्या यावरून. स्वेटरवालीने त्याला जेवायला वाढलं. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ होती. ती त्याने खाली बघून पूर्ण खाल्ली.

आजवर बारा जणी सापडल्या. 'आमचे हे' म्हणणारी अजून सापडलेली नाही. तिच्यासकट सात जणींना सांगायचं राहिलं आहे.